घडणावळ

पिसुर्लेच्या खाणीवर, पत्र्याच्या लॅबमध्ये
अकरा वर्षं मी लोखंड मोजलं.
लाल भुकटी आम्लात विरघळवायची,
ब्युरेटची तोटी सैल करायची,
थेंब, थेंब,
हिरव्याचं जांभळं होईस्तोवर.
मग वहीत : अठ्ठावन्न पूर्णांक दोन.
ब्रागांझसाहेब चष्म्यावरून बघत,
"सत्यवती, एक थेंब जास्त पडला गो."
त्या एका थेंबापायी
सारमानसच्या धक्क्यावर बार्ज अडून राहायची.

माझ्याच रक्ताचा रिपोर्ट आला, आठ पूर्णांक एक.
डॉक्टरीण म्हणाली, लोह कमी आहे.
मला हसूच फुटलं.
भांगात, डब्यातल्या भातावर,
दोरीवर वाळणाऱ्या दुपट्यांवर
दुसरं होतं काय?

एका सोमवारी ट्रक आले नाहीत.
मंगळवारीही नाहीत.
वर्षभरात आंब्याच्या पानांना
त्यांचा मूळ रंग आठवला.
आमच्या टिपरखाली कुत्री व्याली.
हप्ते मात्र चालत राहिले,
त्यांना डिझेल लागत नाही.

लोखंड थांबलं
आणि कपाटातलं सोनं बाहेर आलं.
आधी कुड्या. मग पाटल्या.
मग आईची गळसरी,
जिच्या एकेका मण्यावर
कुणा सोनाराने अख्खा दिवस डोळे फोडले असतील.
डिचोलीच्या बाजारात मुकुंद शेटने ती कसोटीवर ओढली,
तराजूची काच लावून घेतली,
खाली बघतच म्हणाला,
"मोडीत घडणावळ धरत नाहीत, बाय.
वजन तेवढं."

डिसेंबरात दिराची शांभवी आली पुण्याहून.
ताऱ्यांचा उजेड चिरून
आत कुठला धातू आहे ते ओळखायला शिकते.
म्हणजे लॅबच,
फक्त नमुना हाताला लागत नाही.
रात्री मला खड्ड्याच्या काठावर घेऊन गेली.
आता तिथे पाणी आहे. खोली कुणी मोजलेली नाही.

"काकी, तारा जळतो म्हणजे
हलक्याचं जड होत जातं,
आणि पायरीपायरीला उजेड सुटतो.
लोखंडापाशी हिशेब उलटतो.
पुढचं घडवायचं तर पदरचं घालावं लागतं.
मोठा तारा तिथे कोसळतो."

हे मला ठाऊक होतं.
ट्रक येईनात त्या आठवड्यात
नाक्यावरचं हॉटेल, टायरवाला, पोस्टाशेजारची शिवणवाली
कुठल्या क्रमाने मिटली, तेही सांगू शकले असते.

"आणि सोनं?"

"ते बरंच नंतरचं.
दोन मेलेले तारे, डिचोली तालुक्याएवढे,
चमचाभर घेतले तर डोंगर तोलावा लागेल असे,
एकमेकांभोवती घिरट्या घालत राहतात युगानुयुगं.
मग आपटतात. क्षणभराचं काम.
सोनं, प्लॅटिनम, युरेनियम, सगळं उधळतं.
निदान बरंचसं तरी असंच. बाकीच्यावर अजून भांडणं आहेत."

उधळलेलं जातं कुठे, मी विचारलं.
आकाशगंगेतच, म्हणाली,
धुळीत मिसळतं,
त्या धुळीचे पुन्हा तारे होतात, कधी जमीन होते.

मला मुकुंद शेटच्या दुकानाबाहेरचा झारेकरी आठवला.
पहाटे उंबऱ्याखालची धूळ झाडून नेतो,
गटारातला गाळ परातीत खेळवतो,
आणि महिन्याकाठी गुंजभर काहीतरी
त्याच शेटला आणून विकतो.

म्हणजे आधी लोखंडाने थांबायचं,
नंतर सोन्याने निघायचं.
वरही तसंच.
हे मी शांभवीला म्हटलं नाही.
कॉलेजची फी कुठून गेली, तिला माहीत नाही.

ती वर बोट दाखवून काहीतरी मोजत होती.
मी वाकून काठावरचा एक दगड उचलला,
तळव्यावर दोनदा झेलला,
सवयीने.
"साठच्या वर आहे," मी म्हटलं.

"काय, काकी?"
तिची मान अजून वरच होती.